दार झोपलं का?

पहाटे त्याला जाग आली ती बाबांच्या हाकेने. हीच गोष्ट मुळात वेगळी होती, कारण जनावरांच्या कामात बाबा कुणाला हाक मारत नसत. उजाडायच्या आत उठायचं, बकऱ्यांना पाला टाकायचा, कोंबड्यांचं खुराडं उघडायचं, गाईंच्या धारा काढायच्या, गोठा झाडायचा, आणि घरातली मंडळी डोळे चोळत बाहेर येईपर्यंत दुधाची बादली स्वयंपाकघरात झाकून ठेवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. कुणी मदतीला गेलंच तर ते काही न बोलता त्याला हाताने बाजूला करत. आपल्या ओट्यापाशी दुसरीला उभी राहू न देणारी बाई असते ना, अगदी तसं.

बाबांच्या या मुलाला घरात आणि आसपास सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी त्याने जन्मात चढली नव्हती, पण लहानपणापासून उत्तर तोंडात तयार. दूध सांडलं तर मांजराने, काच फुटली तर वाऱ्याने. आणि बहिणीने काही सांडलंफोडलं असलं तर ‘ती नव्हतीच तिथे, मीच होतो’ असं हा बहाद्दर छातीठोकपणे सांगायचा आणि तिच्या वाटचा मार खायचा. आता तो एका मुलीचा बाप झाला होता, शेत आणि बाहेरचे व्यवहार सगळे तोच बघत होता, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

हाक पुन्हा आली. स्वेटर डोक्यातून ओढत तो अंगणात आला. पानगळीचे दिवस होते. रात्रभर गळलेली पानं ओल्या फरशीला चिकटून बसली होती आणि धुकं पार कुंपणापर्यंत आलं होतं. गोठ्यात बाबा कबरी गाईच्या गळ्यातला दोर धरून तिला पुढे ओढत होते आणि ती पाय उचलत नव्हती. तिची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मागे कोठीचं दार सताड उघडं होतं आणि भरड्याचं पोतं फाटून जमिनीवर पसरलं होतं.

कोठी म्हणजे गोठ्याला लागून असलेली जनावरांच्या खाण्याची खोली. कबरी गाभण होती, दिवस भरत आले होते, म्हणून तिला हल्ली बांधत नसत. ती गोठ्यात मोकळी फिरायची. भरडलेलं धान्य गाईला ओंजळभर दिलं तर दूध वाढतं आणि पोटभर मिळालं तर ते आत आंबतं, वायू धरतं आणि गाय हातची जाते. हे त्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

बाबा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, “डॉक्टरला फोन कर. आणि लगेच इकडे ये. हिला बसू द्यायची नाही.”

मग बापलेक तिला अंगणात फिरवत राहिले. एकाने पुढून ओढायचं, दुसऱ्याने मागून रेटायचं. मधेच थांबून बाबा तिची कूस दोन्ही हातांनी चोळत आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. गुरांचा डॉक्टर आला तो झोपेच्या कपड्यांवर कोट चढवूनच. त्याने घशातून नळी घातली, आंबूस वास सगळ्या अंगणात पसरला, कूस हळूहळू खाली बसली. औषध पाजून झाल्यावर तो म्हणाला की गाय बहुतेक वाचेल, पोटातल्याचं मात्र काही सांगता येत नाही. वकिलाने त्याच्या हातावर पाणी ओतलं. हात धुता धुता डॉक्टरने आपलं सहज, बोलायचं म्हणून विचारलं की कोठीचं दार उघडं कुणी ठेवलं.

वकिलाच्या हातातला तांब्या जागच्या जागी थांबला.

बाबा गाईच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असावं. म्हणाले, “मीच असणार. रात्री मीच बघतो ना शेवटी.”

आणि वकील, ज्याच्या तोंडात उत्तर नेहमी तयार असायचं, तो गप्प बसला. त्याने तांब्या पुन्हा कलता केला आणि डॉक्टरचे हात धुऊन झाले.

आता आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगायला हवं. त्या घरात कोठीचं दार लावत नसत, झोपवत. दाराला लाकडाचा अडसर होता, एका बाजूला खिळ्यावर फिरणारा. उभा केला की दार मोकळं, आडवा केला की आकड्यात बसायचा. वकिलाची आई होती तेव्हा तिने पोरांना शिस्त लागावी म्हणून हा शब्द काढला होता: आधी दार झोपवा, मग तुम्ही झोपा. आई गेली, शब्द राहिला. रोज जेवणं आटोपली की बाबा बाहेरच्या खोलीतून विचारत, “झोपलं का?” कोठी ज्याने शेवटी उघडली असेल त्याने “झोपलं” म्हणायचं, की बाबा दिवा मालवत. कुणी उत्तर दिलं नाही तर ते स्वतः उठून बघून येत, पण घरातल्या माणसाने झोपलं म्हटल्यावर जायचं काय कारण?

आदल्या संध्याकाळी कोठी शेवटची वकिलाने उघडली होती. बकऱ्यांसाठी भरडा काढला, दोन्ही हातांत बादल्या, दार पायाने ढकललं आणि मनात म्हटलं, परत येताना झोपवू. परत येताना घरातून मुलीचं रडणं ऐकू आलं. तिला दात येत होते. तो तसाच आत गेला. जेवण झालं, मुलगी त्याच्या छातीवर पडून कशीबशी झोपली, आणि बाहेरून आवाज आला, “झोपलं का?”

“झोपलं,” तो हळूच म्हणाला.

बाळ झोपलं, असं म्हणायचं होतं त्याला. इथपर्यंत त्याची काही चूक नव्हती. असं कुणाचंही होईल. पण बाहेरचा दिवा मालवला गेला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. बाबा नातीला कधी बाळ म्हणत नसत. चिमणी म्हणत. तिचं विचारलं असतं तर ‘झोपली का’ असं विचारलं असतं. बाबांनी दाराचं विचारलं होतं, आणि दार तर उघडं होतं. हे त्याला पांघरुणात पडल्या पडल्या लख्ख कळलं. बाहेर गारठा होता. छातीवर मुलीचा उबदार भार होता, आणि उठलो तर ती उठेल ही सबब तर फारच छान होती. एका रात्रीने काय होतंय, असं म्हणून त्याने डोळे मिटले. आणि झोपही त्याला चांगली लागली, हे विशेष.

डॉक्टर गेला. सकाळची कामं खोळंबली होती ती दोघांनी मिळून केली. बकऱ्या भुकेने ओरडत होत्या, कोंबड्या आतून खुराड्याला टोचा मारत होत्या. बाबा रोज जे झपाझप करत ते आज थांबून थांबून करत होते. धार काढायला बसले आणि पुन्हा उठून कोठीचं दार बघून आले. मग पुन्हा उठले. वकिलाने ते पाहिलं आणि आता सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगायची वेळ डॉक्टर उभा होता तेव्हाची होती, आणि लाजेचं असं असतं की एकदा वेळ चुकवली की ती दुपटीने वाढते. शिवाय सुंठीवाचून खोकला गेला होता. कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

विचारलं ते बायकोने. चहा ओतता ओतता म्हणाली, “अहो, काल भरडा तुम्हीच आणलात ना?”

“मी आणला. पण नंतर बाबा परत गेले होते बकऱ्यांकडे.”

हे धडधडीत खोटं होतं. इतकं सफाईने बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बायको “हो का” म्हणाली आणि सासऱ्यांचा चहा घेऊन बाहेर गेली. आता मात्र करून सवरून नामानिराळं राहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं वेगळं, हे त्याला कळत होतं. त्याने चहाचा कप तसाच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरी गाभडली. वासरू पूर्ण वाढलेलं होतं, अंगावर आईसारखेच ठिपके, फक्त जीव नव्हता. कुंपणापलीकडे वकिलाने खड्डा खणला. बाबांनी वासराला जुन्या पोत्यात गुंडाळून आणलं, खाली ठेवलं आणि माती लोटून झाल्यावर गोठ्यात जाऊन गाईच्या पुढ्यात उभे राहिले. त्या माणसाने आयुष्यात कुणाची माफी मागितलेली वकिलाला आठवत नव्हती. गाईच्या कपाळावर हात ठेवून ते म्हणाले, “चुकलो गं. वय झालं माझं.”

वकील दारात फावडं घेऊन उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने काय केलं? फावडं धुतलं आणि जागेवर ठेवलं.

त्यातून आणखी एक गोष्ट होती जी त्याला रात्रंदिवस खात होती. म्हातारपणी बाबा थोडे विसरायला लागले होते हे खरंच. कुत्र्याला मागच्या मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचे. एकदा चष्मा अंड्यांच्या टोपलीत सापडला. या गोष्टी साध्या होत्या, कुणाच्याही घरात घडतील अशा. पण वकिलाला त्या सांगायची हौस. शहरात राहणाऱ्या ताईला फोनवर तो त्या तिखटमीठ लावून सांगायचा, ‘आज कोंबडीने चष्मा लावून पेपर वाचला’ वगैरे, आणि दोघं हसायची. हसून झालं की ताई गंभीर व्हायची. बाबांना माझ्याकडे पाठव म्हणायची, तिच्याकडे एक खोली रिकामी होती. तेव्हा वकील वाद घालायचा की बाबा अजून खणखणीत आहेत. ताई मग विचारायची की खणखणीत आहेत तर चष्म्याचं काय. जनावरं काढून घेतली तर बाबा किती दिवस टिकतील, हे मात्र दोघांनाही न बोलता माहीत होतं. एवढ्या एका कारणाने गाडं अडलं होतं.

रविवारी ताई आली. तिने तोंड उघडायच्या आधी बाबाच म्हणाले की मी येतो तुझ्याबरोबर. गाय मारायला निघालो होतो, उद्या दिवा जळता ठेवीन, घरात लेकरू आहे. ताईने भावाकडे पाहिलं. तो वाद घालेल असं तिला वाटलं असावं. तो खाली बघत होता.

निघण्याच्या दिवशी पहाटे बाबांनी त्याला गोठ्यात नेलं आणि एकेक समजावून दिलं. काळी बकरी पाठीमागून गेलेलं खपवून घेत नाही. लंगडी कोंबडी अंडी खुराड्यात घालत नाही, लाकडांच्या मागे घालते. धाकट्या गाईला धार काढताना डाव्या अंगाला बसलं तर ती लाथ मारते, का ते ठाऊक नाही, पण तिच्याशी वाद घालू नये. वकील हो हो म्हणत होता. इतकी वर्षं याच घरात काढून त्याला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. बाबा सांगत होते तेव्हा एकदाही अडखळले नाहीत. विसरणारा माणूस असा बोलतो का, असा प्रश्न वकिलाला पडला.

बाबांच्या खोलीत ताई कपडे भरत होती. बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. बाबा पलंगावर बसून मोजे चढवत होते. वकील उंबऱ्यात थांबला, आणि आत न येताच बोलला.

“बाबा, दार मी उघडं ठेवलं.”

“कुठलं?”

“कोठीचं. त्या रात्री. तुम्ही झोपलं का विचारलंत, मी झोपलं म्हणालो. तुम्ही दाराचं विचारताय हे मला कळलं होतं. मी उठलो नाही.”

ताईचे हात थांबले. बाबांनी मोजा वर ओढला, तो नीट बसवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच.

“या वकीलसाहेब,” ते म्हणाले. “बसा इथे.”

“खरं सांगतोय मी.”

“अरे, मी चिमणीचं विचारलं असेन.”

“तिचं असतं तर झोपली का म्हणाला असतात.”

“काय म्हणालो असतो ते आता मला कुठं आठवतंय?” बाबा म्हणाले. त्यात दुःख नव्हतं, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. “मी काही विचारलं, हेच मला आठवत नाही. तेच तर म्हणतोय मी.”

वकिलाने मग सगळं सांगितलं. दोन्ही हातांत बादल्या होत्या, दार पायाने ढकललं, मुलगी रडत होती, गारठा होता, सगळं. बायकोच्या तोंडावरचा रंग बदलला. ती म्हणाली की तुम्ही तर म्हणाला होतात बाबा नंतर गेले होते. खोटं बोललो, वकील म्हणाला. तिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाबा ताईकडे वळले. “बघितलंस? आता बायकोशी खोटं बोललो म्हणतोय. मला इथून हलवू नये म्हणून.” मग त्यांनी दुधाच्या किटलीची गोष्ट काढली. ताईने लहानपणी भरलेली किटली विहिरीत पाडली होती आणि ‘मीच पाडली’ असं सांगून या पोराने मार खाल्ला होता, रडलासुद्धा नव्हता. ती गोष्ट त्यांनी बारीकसारीक तपशिलासकट सांगितली, किटलीचा कान कसा मोडका होता इथपर्यंत. शेवटी उठून उंबऱ्यापाशी आले आणि मुलाच्या गालावर हात ठेवला. “गुणाचा आहेस,” ते म्हणाले. “पण म्हातारपण काही तुझ्या वकिलीने सुटत नाही रे.”

तो हात गालावर असताना वकिलाला जे वाटलं त्यापुढे लहानपणचा मार काहीच नव्हता. आयुष्यभर खोटं बोलून तो सुटला होता. आज खरं बोलून शिक्षा मागत होता तर शाबासकी मिळत होती, आणि ती परत करायची सोय नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बाबांची तर खात्रीच पटली.

ताईने त्याला अंगणात नेलं. ती त्याला लहानपणापासून आरपार ओळखत होती, तिला साक्षीपुराव्याची गरज नव्हती.

“त्याच दिवशी का नाही बोललास?”

तो पायाने फरशीवरची पानं बाजूला सारत राहिला.

“त्या दिवशी बोलला असतास तर चिडले असते, आठवडाभर बोलले नसते तुझ्याशी,” ती म्हणाली. “आणि विसरून गेले असते.” मग डोळे पुसून आत गेली आणि भरलेली बॅग रिकामी करायला लागली. बाबांना म्हणाली की थंडी संपेपर्यंत राहा इथेच, माझ्याकडे जिने फार आहेत. बाबांनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. एक अट मात्र घातली. जनावरं आता मुलाची. ते हाताखाली काम करतील, सांगेल तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे वकील स्वतः उठला. बाबा त्याच्या आधी उठलेले होते, पण गोठ्याच्या बाहेर हात बांधून उभे होते, तो येईपर्यंत. त्याने दार उघडलं तेव्हा ते त्याच्या मागून आत आले. त्याने बकऱ्यांना पाला टाकला, आणि काळीच्या मागून गेल्याबद्दल गुडघ्यावर ढुशीही खाल्ली. बाबा हसले नाहीत, शिकवायलाही आले नाहीत. कोंबड्या सोडू का, त्यांनी विचारलं. सोडा की, तो म्हणाला. मग ते कबरीसाठी पाण्याची बादली घेऊन गेले.

तो धाकट्या गाईच्या उजव्या अंगाला बसून धार काढत होता. तिथून त्याला दिसत होतं. कबरीने बादलीत तोंड घातलं, मोठमोठे घोट घेत सगळं पाणी पिऊन टाकलं, मान वर केली. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. बाबा रिकामी बादली हातात धरून तिच्यापुढे तसेच उभे राहिले. त्यांनी बादलीत पाहिलं, गाईकडे पाहिलं, मग मान वळवून मुलाकडे.

“हिला पाणी दाखवलं का रे मी?”

धार थांबली. “दाखवलंत, बाबा. आत्ताच प्यायली ती. मी बघितलं.”

बाबांनी पुन्हा एकदा बादलीच्या तळाशी नजर टाकली. मग मान डोलावली.

“तू म्हणतोस म्हणजे दाखवलं असणार,” ते म्हणाले, आणि बादली खाली ठेवून पुढचं काम सांगण्याची वाट बघत उभे राहिले.